गीर आणली, एचएफ भरलं, तरी दूध का नाही? या चुका टाळा

"गीर गाय आणली पण दूधच नाही" हे वाक्य बाजारात गेलं की हमखास ऐकू येतं. अहो पण गीर म्हणजे काही छापाचं माप नाही, एक गीर दिवसाला ४-५ लिटरवर थांबते आणि त्याच जातीतली दुसरी १२ च्या पुढे जाते, म्हणजे जातीजातीत फरक आहे तसा जातीच्या आतही भरपूर आहे आणि पैसे बुडतात ते इथंच.

पहिली चूक, कास बघून गाय घ्यायची पण सिमेन (वळूचं वीर्य) मात्र जनावरांच्या डॉक्टरांच्या कंटेनरमध्ये असेल ते भरायचं. एकाच जातीच्या गायींच्या दुधात जो फरक दिसतो त्यातला साधारण पाव ते एक तृतीयांश वाटाच वंशातून येतो, बाकी सगळा चारा, पाणी, ऊन, आजारपण. म्हणून एका गाईचं आजचं दूध फार काही सांगत नाही, पण ज्या वळूच्या पुष्कळ मुलींच्या दुधाची नोंद झालीये तो वळू सांगतो. वळूंच्या कॅटलॉगमध्ये 'आईचं दूध' मोठ्या अक्षरात असतं त्याला भुलू नका, मुलींचं दूध विचारा.

आता एचएफचं, म्हणजे होल्स्टीन फ्रिजियन या परदेशी दुधाळ जातीचं. गावठी गाईला एचएफ भरली, ५० टक्के एचएफ रक्ताची कालवड जोरात निघाली, म्हणून तिला परत एचएफ, तिच्या कालवडीला परत एचएफ. ५० चे ७५, ७५ चे साडेसत्त्याऐंशी. मग मे महिन्यात ती धापा टाकते, गोचीड उतरत नाही, माज लागत नाही आणि आपण म्हणतो सिमेन खराब होतं. आपल्या हवेत ५० ते ६२.५ टक्क्यांवर थांबलेलं बरं, त्यासाठी त्या टक्क्याच्या संकरित वळूची कांडी (सिमेनची नळी) मागून घ्या. पण संकरित गुणिले संकरित केलं की पहिल्या पिढीचा संकरजोम, म्हणजे दोन जाती एकत्र आल्यानं मिळालेला जास्तीचा जोर, निम्म्यावर येतो, त्यामुळे दूध थोडं कमी झालं तर घाबरू नका.

दुधाला फॅट लागत नाही म्हणून जीन टेस्ट करणारेही भेटतात. १४ नंबरच्या गुणसूत्रावर डीजीएटी१ जीन आहे, त्याचा एक प्रकार फॅट वाढवतो आणि लिटर कमी करतो. आपल्या देशी गायींत जवळजवळ सगळीकडे तोच फॅटवाला प्रकार असतो, त्यामुळे गीरवर ही टेस्ट म्हणजे पैसे पाण्यात. एचएफमध्ये दोन्ही प्रकार सापडतात, तिथं अर्थ आहे. ए२ चं पण तसंच, ती टेस्ट दुधातल्या प्रोटीनचा प्रकार सांगते, बादली किती भरेल ते नाही. आणि ए२ एचएफमध्येही असतं बरं का!

खिलारीकडून दूध मागणं तर मला कळतच नाही, ती पिढ्यानपिढ्या ओढकामासाठी निवडलेली जात. इगतपुरी आणि नगरच्या अकोले भागातली डांगी गाय धो धो पावसात टिकते, तिला एचएफ भरून तो गुण कशाला घालवायचा? दूध आणि बैल दोन्ही हवं तर देवणी बघा.

ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशीमला 'गौ चिप' आली, म्हणजे आपल्या गायींची जनुकं तपासून त्यांच्या गुणांचा अंदाज काढायची चाचणी, ती याचसाठी, कारण परदेशी एचएफवर बसवलेला अंदाज आपल्या जातींना नीट लागू पडत नाही.

आणि कांडीवरचा वळू नंबर वहीत लिहा. तोच वळू चार वर्षांनी त्याच्याच मुलीला भरला जातो आणि कुणाला पत्ताही नसतो.