फंक्शन जनरेटर दुप्पट व्होल्टेज देतोय? आधी लोड सेटिंग बघा

फंक्शन जनरेटरवर (चाचणीसाठी हव्या त्या वेव्ह देणारं उपकरण) 5 व्होल्ट पीक-टू-पीक (वेव्हच्या तळापासून टोकापर्यंत) लावलेत आणि ऑसिलोस्कोपवर, म्हणजे स्कोपवर, 10 दिसतात? जनरेटर बिघडलेला नसतो. पुढे 50 ओहमचा लोड आहे असं धरून तो आकडा दाखवतो. स्कोपचा इनपुट मात्र 1 मेगओहमचा असतो, म्हणून जनरेटरच्या आतल्या 50 ओहमवर व्होल्टेज निम्मं न होता जवळपास पूर्ण दिसतं.

1. चॅनेल किंवा युटिलिटी मेनूत आउटपुट लोड 'हाय-झेड' (हाय इम्पिडन्स, म्हणजे जवळपास लोडच नाही) करा.
2. 5 व्होल्टच्या लॉजिक आयसीला स्क्वेअर वेव्ह द्यायची तर अँप्लिट्यूड 5 व्होल्ट पीक-टू-पीक आणि ऑफसेट (अख्खी वेव्ह वर सरकवणारं डीसी व्होल्टेज) 2.5 व्होल्ट ठेवा. ऑफसेट विसरलात तर वेव्ह उणे 2.5 पर्यंत उतरते, आणि आयसीला ते सोसत नाही. हाय लेव्हल 5, लो लेव्हल 0 असं थेट भरता येत असेल तर तेच करा, सोपं पडतं.
3. आउटपुट आधी स्कोपवर पाहा, मग सर्किटला जोडा.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून स्वस्तातला किंवा जुना जनरेटर आणला असेल तर हे सेटिंग नसूही शकतं. मग पॅनेलवरच्या आकड्यापेक्षा स्कोपवरच विश्वास ठेवा.

सांभाळा: लोड चुकीचा असेल तर ऑफसेटही दुप्पट होतो. 3.3 व्होल्टच्या पिनवर 6.6 गेले तर मायक्रोकंट्रोलर जळू शकतो.