युरोस्टॉमीची पिशवी: गळू न देता कशी बदलावी, कशी वागवावी

कॅन्सरमुळे मूत्राशय काढलं की लघवीला नवी वाट करून द्यावी लागते. बऱ्याचदा सर्जन लहान आतड्याचा १५ ते २० सेंटिमीटरचा तुकडा घेऊन मूत्रपिंडांतून येणाऱ्या दोन्ही मूत्रवाहिन्या त्याला जोडतात आणि त्याचं मोकळं टोक बेंबीच्या उजवीकडे, जरा खाली, पोटावर आणतात. हा लाल, ओलसर उंचवटा म्हणजे स्टोमा, आणि लघवीची ही नवी वाट म्हणजे युरोस्टॉमी. त्याला झडप नाही. लघवी दिवसरात्र थेंब थेंब येतच राहते आणि वर लावलेल्या पिशवीत साठते. ही पिशवी कातडीला चिकटणाऱ्या, मधे छिद्र असलेल्या चकतीवर बसते. आतड्याचा तुकडा आपला चिकट स्राव सोडत असतो, म्हणून लघवीत पांढुरके धागे दिसतात. तो पू नव्हे.

घरी आल्यावर माणूस कॅन्सरपेक्षा गळतीचाच धसका जास्त घेतो. पिशवी मात्र उगाच गळत नाही. दर वेळी काही तरी कारण असतं आणि ते बहुधा बदलण्याच्या पद्धतीत सापडतं.

वेळ कोणती

सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी. रात्रभर पाणी पोटात नसल्यामुळे स्टोमा त्या वेळी सर्वांत कमी वाहतो. दिवस ठरवून टाका: सोमवार आणि गुरुवार, म्हणजे तीन-चार दिवसांनी एकदा. काहींची पिशवी आठवडाभर टिकते, पण "अजून चिकटलेली आहे, राहू दे" म्हणत गळेपर्यंत थांबणं महागात पडतं. एकदा कातडी सोलली की तिच्यावर पुढची चकती धरत नाही, आणि मग रोजचीच गळती.

बदलायची कशी

आधी सगळं हाताशी मांडा: नवी चकती आणि पिशवी, स्टोमा मोजायचं कार्ड, वाकड्या टोकाची कात्री, पेन, कोमट पाणी, जुन्या पंचाचे धुतलेले तुकडे, गॉजच्या चार-पाच घट्ट गुंडाळ्या, कचऱ्याची पिशवी. चकती आधीच कापून ठेवा. स्टोमा उघडा पडल्यावर कात्री शोधत बसण्याची वेळ येऊ नये. शक्यतो आरशासमोर उभं राहून करा, बसलं की पोटाला घड्या पडतात.

जुनी पिशवी रिकामी करा. ओलं फडकं लावत चकती वरून खाली सोडवा. एका हाताने कातडी दाबायची, दुसऱ्याने चकती हलकेच उचलायची. ओढून काढायची नाही. निघाली की लगेच फेकू नका, उलटी करून पाहा. छिद्राभोवतीचा भाग सगळीकडे सारखा फुगलेला असेल तर ठीक. एका बाजूला तो विरघळून कडेपर्यंत ओघळ गेलेला दिसला, तर लघवी तिथूनच निघत होती. आता पोटावर नेमकी तीच जागा बघा. तिथे घडी, खळगा किंवा जुना व्रण हमखास असतो. तो भरायला चिकट रिंग किंवा पेस्ट मिळते. स्टोमा कातडीच्या पातळीला किंवा आत असेल तर फुगीर, म्हणजे कॉन्व्हेक्स चकती लागते. ती मात्र स्टोमा नर्सला दाखवूनच घ्यावी.

गॉजची गुंडाळी स्टोमाच्या तोंडावर धरा. ती लघवी शोषेपर्यंत भोवतीची कातडी कोऱ्या कोमट पाण्याने पुसा. पुसताना स्टोमावर रक्ताचा ठिपका आला तर घाबरू नका, तिथलं अस्तर नाजूक असतं. साबण, डेटॉल, पावडर यांतलं काही नको. आणि खोबरेल तर अजिबात नको. घरातली वडीलधारी मंडळी मायेने लावायला सांगतात, पण तेलकट कातडीवर चकती तासाभरात सुटते. केस असतील तर ट्रिमरने कापा. मग टिपून कोरडं करा. हेअर ड्रायर असेल तर गार हवेवर चालतो.

चकती कापताना मापाकडे लक्ष द्या. छिद्र स्टोमापेक्षा २ ते ३ मिलिमीटर मोठं हवं. त्याहून लहान झालं तर कडा स्टोमाला कापते. मोठं झालं तर उघड्या राहिलेल्या कातडीवर लघवी साचून आग होते. ऑपरेशननंतर पहिले सहा ते आठ आठवडे स्टोमा आकसत जातो. दवाखान्यात दिलेलं माप दोन महिन्यांनी वापरणं हे गळतीचं एक नेहमीचं कारण. या काळात दर आठवड्याला मोजा आणि चकत्यांचा मोठा साठा करू नका.

चकती तळव्यांमध्ये मिनिटभर धरून कोमट करा. पोट ताणून उभे राहा, गुंडाळी काढा आणि लगेच चकती लावा. छिद्राजवळून बाहेरच्या बाजूला दाबत जा, मग तळहात तीन-चार मिनिटं तसाच वर ठेवा. चिकट थराला उबेनेच पकड येते. पिशवी जोडा, खालची तोटी बंद करा. तोटीचं प्रत्येक जण एकदा तरी विसरतो.

दिवसा आणि रात्री

पिशवी एक तृतीयांश ते अर्धी भरली की रिकामी करा. भरलेल्या पिशवीचं वजन चकतीला ओढतं. भारतीय पद्धतीच्या संडासात उभ्याने तोटी सोडली की पायावर शिंतोडे येतात, त्यासाठी आधी भांड्यात टिश्यूचा कागद टाका.

रात्री २ लिटरची मोठी पिशवी नळीने जोडतात. जोडताना पोटावरच्या पिशवीत थोडी लघवी राहू द्या, नाही तर हवा अडकून प्रवाह थांबतो. मोठी पिशवी अंथरुणापेक्षा खाली लोंबायला हवी. जमिनीवर गादी टाकून झोपणाऱ्यांचं इथेच बिनसतं. त्यांनी खाट घ्यावी. सकाळी मोठ्या पिशवीत एक भाग पांढरं व्हिनेगर आणि तीन भाग पाणी घालून हलवा, धुवा आणि वाळत टाका. रात्रीची पिशवी कधी जांभळी पडली तर जंतूंमुळे रंग बदललेला असतो. घाईने दवाखाना गाठायचं ते लक्षण नाही, पण डॉक्टरांच्या कानावर घाला.

गळतीच्या भीतीने पाणी कमी पिणं ही चूक सर्रास होते. दाट लघवी कातडीला जास्त झोंबते, वास मारते आणि स्टोमाभोवती पांढरे क्षार साचतात. मूत्रपिंडाचं किंवा हृदयाचं पथ्य नसेल तर दिवसाला २ ते अडीच लिटर पाणी हवंच. बीट खाल्लं की लघवी लालसर होते. लसूण आणि मासळीने वास वाढतो.

कपडे, वजन, प्रवास

परकराची नाडी नेमकी स्टोमावरून जाते आणि पिशवीत लघवी उतरूच देत नाही. नाडीऐवजी रुंद इलॅस्टिक लावून घ्या किंवा नाडी स्टोमाच्या वर बांधा. पॅन्टला पट्ट्याऐवजी गॅलस बरा. ऑपरेशन व्हायचं असेल तर स्टोमाची जागा आधी खुणावून घेताना रोजचाच पोशाख घाला आणि मांडी घालून बसून दाखवा.

पहिले सहा ते आठ आठवडे ४-५ किलोपेक्षा जास्त उचलू नका. न्हाणीघरातली १५ लिटरची भरलेली बादली म्हणजे १५ किलो! स्टोमाशेजारी हर्निया होतो तो अशाच उचलण्यातून. खोकताना, शिंकताना तळहाताने स्टोमाला आधार द्या. आंघोळीला अडचण नाही, पिशवी लावून करा.

एप्रिल-मेमध्ये पुण्यात घामाने चकती लवकर सुटते, तेव्हा बदलण्याचा दिवस एकाने अलीकडे आणा. जास्तीच्या पिशव्या स्कूटरच्या डिकीत ठेवू नका, उन्हात चिकट थर वितळतो. आधीच कापलेली चकती, पिशवी, गॉज आणि एक जोड कपडे असा संच खांद्याच्या पिशवीत कायम असू द्या. मुंबईच्या बसमध्ये चढण्याआधी पिशवी रिकामी करा. लक्ष्मी रोडवर विसर्जन मिरवणूक पाहायला तासन् तास उभं राहायचं असेल तर मांडीला बांधायची जादा पिशवी जोडून जा. त्या गर्दीतून संडास गाठणं धडधाकट माणसालाही जमत नाही.

डॉक्टरांना कधी गाठायचं

स्टोमा काळपट किंवा जांभळा पडला, दोन-तीन तास लघवीच आली नाही, थंडी वाजून ताप आला, कमरेच्या वर पाठीत दुखू लागलं, लघवीतून किंवा जुन्या मूत्रमार्गातून रक्त आलं, तर त्याच दिवशी दाखवा. तक्रार नसली तरी ठरलेला सीटी स्कॅन, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि व्हिटॅमिन बी १२ची तपासणी चुकवू नका. आतड्याच्या शेवटच्या भागातून बी १२ शोषलं जातं आणि तुकडा त्याच्या जवळूनच घेतलेला असतो. सिगारेट, बिडी बंदच. हा कॅन्सर होण्याचं सर्वांत मोठं कारण तेच.

लॅबवाला लघवीच्या कल्चरसाठी, म्हणजे जंतूंच्या तपासणीसाठी, पिशवीच्या तोटीतून बाटली भरू लागला तर त्याला थांबवा. पिशवीत जंतू असतातच, त्यामुळे रिपोर्ट खराब येतो आणि नको ती अँटिबायोटिक सुरू होतात. नमुना स्वच्छ पुसलेल्या स्टोमातून बारीक नळी घालून घ्यायचा असतो. फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवा: "मूत्राशय काढले आहे. युरोस्टॉमी. कल्चर पिशवीतून घेऊ नये."