सेंत-एमिलियोंला एक मुक्काम: टेकडीवरचं वाईनचं गाव नीट कसं बघावं

फ्रान्समधल्या बोर्दोहून सकाळच्या बसने यायचं, एका वाईनरीत दोन घोट घ्यायचे, चौकात फोटो काढायचे आणि दुपार कलली की परत. सेंत-एमिलियों बहुतेक लोक असं उरकतात आणि मग 'छान आहे हो, पण गर्दी फार' असं सांगत फिरतात. गर्दी असतेच, पण ती बसच्या वेळापत्रकाने येते आणि जाते. एक रात्र काढलीत तर संध्याकाळ आणि दुसरी सकाळ तुमच्या वाट्याला येते. म्हणून पुढचा सगळा बेत एक मुक्काम धरूनच आहे.

आधी महिना ठरवा

एप्रिल ते ऑक्टोबर हा मोसम. हिवाळ्यात वेलींचे नुसते खुंट दिसतात आणि बरीच दुकानं, हॉटेलं बंद असतात. नाशिकला वाईनची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात, इथे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. तोडणीच्या दिवसांत गाव रंगात असतं खरं, पण वाईनवाल्यांना तुमच्याशी बोलायला सवड नसते. सोहळा बघायचा असेल तर सप्टेंबरचा तिसरा रविवार गाठा. लाल झगे घातलेली, 'ज्युराद' नावाच्या वाईन-मंडळाची माणसं राजाच्या बुरुजावर चढून तोडणीची दवंडी देतात. या मंडळाचं मूळ ११९९च्या सनदेत आहे. मधे ते बंद पडलं आणि १९४८ साली पुन्हा सुरू झालं. वाईन निवांत चाखायची असेल तर मात्र मे-जून बरा.

मग तीन बुकिंगं, याच क्रमाने

पहिलं वाईनरीचं. इथे वाईनरीला 'शातो' म्हणतात, मग ती वाडा असो की साधं शेतघर. न सांगता दारात उभं राहिलात तर बऱ्याच ठिकाणी नम्रपणे परत पाठवतील. काही आठवडे आधी इंग्रजीत ईमेल केला तरी काम होतं. दुसरं बुकिंग गावातल्या, कड्यात कोरलेल्या चर्चचं, कारण आत फक्त गाईडबरोबर जाता येतं. तिकीट पर्यटन कार्यालयाकडून घ्यायचं आणि इंग्रजी फेरीची वेळ विचारून घ्यायची. तिसरं मुक्कामाचं. गावात खोल्या थोड्या आणि महाग. द्राक्षबागांमधल्या घरगुती खोल्या बघा, नाहीतर आठ किलोमीटरवरच्या लिबूर्नमध्ये राहा. लिबूर्नला राहायचं तर संध्याकाळी परतायची सोय आधीच बघून ठेवा.

पोचायचं कसं

पॅरिसहून बोर्दोला वेगवान रेल्वेने दोन तासांच्या थोडं वर लागतात. बोर्दोच्या सँ-झाँ स्टेशनवरून लोकल गाडीने आणखी चाळीस मिनिटांच्या आत. गाड्या मोजक्या आहेत, तेव्हा उतरल्या उतरल्या परतीच्या वेळांचा फोटो काढून ठेवा. स्टेशन खाली आणि गाव वर: वीसेक मिनिटांची चाल, द्राक्षबागांमधून. चाकांची मोठी बॅग आणू नका. डांबरी रस्त्यावर ती चालेल, पण गावातल्या दगडी गोट्यांच्या गल्ल्यांत तिची चाकं आणि तुमचा खांदा दोन्ही जातील.

गाडी भाड्याने घेण्याचा मोह टाळा. फ्रान्समध्ये रक्तात लिटरमागे ०.५ ग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे, म्हणजे चाखण्याच्या एका बैठकीनंतरही पंचाईत होऊ शकते. सायकलवाल्यालाही दारूचा नियम सुटत नाही. सायकल सकाळी फिरवा, वाईन दुपारी.

पहिल्यांदा जमिनीखाली उतरा

माझ्या मते वाईनच्या आधी हे व्हायलाच हवं. आठव्या शतकात ब्रिटनी प्रांतातून आलेला एमिलियों नावाचा साधू इथल्या गुहेत राहिला, असं परंपरा सांगते. गावाला नाव त्याचंच. गुहेत एक दगडी आसन दाखवतात. मूल व्हावं म्हणून बायका तिथे येऊन बसतात. आपल्याकडच्या नवसाची सवय असलेल्याला यात काही नवल वाटणार नाही.

गुहेला लागूनच ते चर्च. चुनखडीच्या एकाच कड्यात बाराव्या शतकात कोरून काढलेलं, सुमारे ३८ मीटर लांब आणि १२ मीटर उंच. वेरूळचं कैलास वरून खाली कोरत बाहेर मोकळं केलं. इथे डोंगराचं पोट रिकामं केलंय. बाहेरून दिसतो तो फक्त वरचा घंटेचा मनोरा. त्याचं सगळं वजन खालच्या दगडी खांबांवर, आणि पाणी मुरून ते खांब कमजोर झालेले. आत गेलात की खांबांना आवळलेले लोखंडी पट्टे दिसतील, ते त्यासाठी. गाईड पुढे सरकला तरी तिथे दोन मिनिटं थांबा. मान वर करून बघा आणि तो मनोरा डोक्यावर आहे हे लक्षात घ्या.

हीच चुनखडी गावाखाली शतकानुशतकं खणली गेली. तिचा दगड बोर्दोच्या इमारतींना गेला आणि मागे राहिले मैलोन्‌मैल बोगदे. आज त्यांतल्या काहींत वाईनची पिंपं आणि बाटल्या आहेत, कारण आत उन्हाळा-हिवाळा तापमान फारसं हलत नाही. वरच्या वेलींची मुळंही याच दगडावरच्या मातीत. त्यामुळे खाली उतरून आलात की शातोमधला माणूस 'आमचा दगड' म्हणून काय सांगतोय ते अर्ध्या वाक्यात कळतं.

शातोमध्ये

दिवसाला एक शातो. फार तर दोन: एक नावाजलेलं आणि एक घरच्यांनी चालवलेलं छोटं. पाचव्या पेल्यानंतर सगळ्या वाईन सारख्याच लागतात, मग कोणी काहीही म्हणो.

बागेत गेलात की आधी वेली बघा. नाशिककडच्या खायच्या द्राक्षांचा मंडप डोक्यावर असतो. इथल्या वेली कमरेएवढ्या, तारेला बांधलेल्या. ओळीच्या टोकाला गुलाबाचं झाड दिसेल. शोभा आहेच, पण जुन्या काळी भुरी हा बुरशीचा रोग आधी गुलाबावर दिसतो म्हणून ते लावायचे. इथलं मुख्य द्राक्ष मेर्लो. ते लवकर पिकतं आणि चुनखडीवरच्या थंड, ओलावा धरणाऱ्या चिकणमातीत छान जमतं. जोडीला काबर्ने फ्रां.

चाखताना पेल्यात थोडीच ओततात. रंग बघा, पेला गोल फिरवा, वास घ्या, मग घोट. टेबलावर थुंकायचं भांडं असतं आणि ते वापरायला अजिबात लाजू नका. तिथले धंद्यातले लोकही तेच करतात. त्या दिवशी अत्तर लावू नका. चाखण्याचे पैसे बहुधा आधीच घेतलेले असतात, त्यामुळे बाटली घेतलीच पाहिजे असं काही नाही.

लेबलाचा घोळ मात्र समजून घ्या. 'ग्रां क्रू' लिहिलंय म्हणजे ती इथल्या उत्तम शातोंच्या निवडक यादीतली वाईन, असं होत नाही; ते उत्पादनाच्या जरा कडक नियमांचं नाव आहे आणि ते शेकडो बाटल्यांवर असतं. यादीतली असेल तर पुढे 'क्लासे' हा शब्द लागतो. ही यादी १९५५ साली सुरू झाली आणि साधारण दहा वर्षांनी बदलते. २०२२च्या यादीत ८५ शातो आहेत, आणि सर्वांत वरच्या पायरीवर पाव्ही आणि फिजाक हे दोनच. शेव्हाल ब्लां, ओझोन आणि आंजेलुस ही बडी नावं स्वतःहून बाहेर पडली. तेव्हा यादीवर डोळे मिटून विसंबू नका.

पोटाचं बघा

दुपारचं जेवण बारा ते दोन. अडीचला गेलात तर स्वयंपाकघर बंद, आणि विनंतीने ते उघडत नाही. इथली खासियत लाल वाईनमध्ये शिजवलेला लांप्रुआ, वामसारखा दिसणारा मासा. त्याच्या रश्श्यात त्याचंच रक्त घालतात, तेव्हा विचार करून मागवा. शाकाहारी असाल तर 'झ न माँझ पा द व्याँद, नी द प्वासों' (मी मांस खात नाही, मासेही नाही) हे पाठ करून ठेवा. बकरीच्या गरम चीजचं सॅलड बहुतेक ठिकाणी मिळतं.

गोडात माकारों घ्याच. पॅरिसचे रंगीत, मधे क्रीम भरलेले ते वेगळे. हे तपकिरी, चपटे, वरून तडकलेले आणि आत चिवट. कागदावर भाजतात आणि कागदासकटच विकतात, आपण सोलून खायचे. उर्सुलिन पंथाच्या ख्रिस्ती जोगिणींनी १६२०च्या सुमारास सुरू केलेली ही कृती: बदाम, साखर आणि अंड्याचा पांढरा भाग. अंडं न खाणाऱ्यांनी सोबतच्याला द्यावेत.

संध्याकाळ आणि दुसरी सकाळ

उभ्या चढाच्या गल्ल्यांना इथे 'तेर्त्र' म्हणतात. पावसानंतर त्यांचे गोटे साबणासारखे होतात, म्हणून पकड असलेले बूट हवेत. काही ठिकाणी मधे कठडा आहे, तो धरा. घंटेच्या मनोऱ्याला दोनशेच्या आसपास पायऱ्या, राजाच्या बुरुजाला शंभरावर. गुडघे कुरकुरत असतील तर बुरुज पुरेसा आहे. उरलेल्या वेळात कॉर्दलिए मठाचं पडकं आवार बघा. तिथल्या तळघरात बुडबुड्यांची वाईन करतात.

बाटल्या आणायच्या तर

भारतात येताना माणशी दोन लिटरपर्यंत मद्य करमुक्त आणता येतं. ७५० मिलीच्या दोनच बाटल्या त्यात बसतात. तिसरी घेतली की मर्यादा ओलांडते. केबिन बॅगेत त्या चालत नाहीत. चेक-इन बॅगेत मधोमध, जीन्समध्ये गुंडाळून ठेवा, आणि बिल हाताशी असू द्या.