गेमचे परीक्षण लिहिताना या चुका टाळा

गेली काही वर्षे मी मराठीत गेमची परीक्षणे लिहीत आलो आहे आणि त्याहून कितीतरी अधिक परीक्षणे नवोदितांसाठी तपासून दिली आहेत. भाषेच्या चुकांबद्दल माझी फारशी तक्रार नाही, कारण त्या दोन वाचनांत सुधारतात. मला अस्वस्थ करतात त्या लिहायला बसण्याच्या आधीच, म्हणजे खेळतानाच झालेल्या चुका. नवा मोठा गेम आज सहज तीन-चार हजार रुपयांच्या घरात जातो. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात पैसे परत हवे असतील तर खेळण्याचा वेळ दोन तासांहून कमी असावा लागतो आणि खरेदीला चौदा दिवस उलटलेले चालत नाहीत. एवढे पैसे खर्च करणारा वाचक आपल्या शब्दावर विसंबून असतो, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो आहे.

सर्वांत जास्त वेळा दिसणारी चूक म्हणजे आपल्या यंत्राचा दोष गेमच्या माथी मारणे. ही चूक माझ्याही हातून होता होता राहिली. ‘सेकिरो’ हा तलवारबाजीचा गेम २०१९ मध्ये आला तेव्हा मी तो बैठकीच्या खोलीतल्या टीव्हीवर खेळत होतो. या गेमचा सगळा प्राण वार परतवण्यात आहे. शत्रूची तलवार अंगावर येण्याच्या नेमक्या क्षणी बटण दाबले की वार परतवला जातो, त्याचा तोल थोडा थोडा ढासळत जातो आणि तो पुरता ढासळला की शेवटचा घाव घालता येतो. गेनिचिरो आशिना या प्रतिस्पर्ध्यापुढे मी सलग तीन रात्री अडकलो होतो आणि कच्च्या लेखात ‘वार परतवण्याची वेळ बेभरवशाची आहे’ असे तीन परिच्छेदभर लिहूनही ठेवले होते. चौथ्या दिवशी शेजारी बसून पाहणारा माझा भाचा म्हणाला, “मामा, तुझं बटण आधी वाजतंय आणि तलवार मागून हलतेय.”

तो म्हणत होता ते अक्षरशः खरे होते. चित्र गुळगुळीत दिसावे म्हणून टीव्ही प्रत्येक फ्रेमवर, म्हणजे पडद्यावर एकामागून एक येणाऱ्या प्रत्येक चित्रावर, स्वतःची प्रक्रिया करतो आणि त्यात वेळ जातो. तो वेळ शंभर मिलिसेकंदांचा असला, तर सेकंदाला ६० फ्रेमच्या हिशेबाने सहा फ्रेमचा उशीर होतो. मालिका किंवा सिनेमा पाहताना तो कोणाच्या लक्षातही येत नाही, पण ‘सेकिरो’त तेवढ्यात जीव जातो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘गेम मोड’ चालू केला आणि त्याच संध्याकाळी गेनिचिरो पडला. ते तीन परिच्छेद मी पुसून टाकले. भाचा त्या दिवशी घरी आला नसता तर ते छापले गेले असते, आणि एका अत्यंत काटेकोर गेमबद्दल मी वाचकांना चुकीची माहिती दिली असती.

तेव्हापासून अंगण वाकडे आहे असे लिहिण्याआधी मी काही गोष्टी न चुकता तपासतो. टीव्ही असेल तर गेम मोड चालू आहे ना, हे पाहतो. लॅपटॉप असेल तर तो चार्जरला जोडलेला आहे आणि वीज वाचवण्याच्या मोडवर नाही, याची खात्री करतो. गेम जुन्या हार्ड डिस्कवर असेल तर तो एसएसडीवर हलवतो आणि ग्राफिक्स ड्रायव्हर अद्ययावत करतो. पीसीवर गेम अडखळत असेल तर तीच जागा दुसऱ्यांदा खेळून पाहतो, कारण अनेक गेममध्ये एखादा भाग पहिल्यांदा पडद्यावर येतो तेव्हा शेडर, म्हणजे दृश्य रंगवण्याच्या ग्राफिक्स कार्डाला दिलेल्या सूचना, तयार होत असतात आणि त्यामुळे झटके बसतात. दुसऱ्या फेरीत झटके गेले तर कारण बहुधा तेच असते आणि तसे स्पष्ट लिहावे. यंत्राची बाजू तपासूनही ते कायम राहिले, तर दोष गेमचा म्हणायला हरकत नाही. या सगळ्याला फार तर अर्धा तास लागतो. तेवढाही वेळ नाही असे सांगणाऱ्यांनी परीक्षणे लिहू नयेत, असे माझे प्रामाणिक मत आहे.

याच चुकीची उलटी बाजू अधिक घातक आहे, कारण दणकट यंत्र गेमचे दोष झाकते. ‘सायबरपंक २०७७’ हा गेम १० डिसेंबर २०२० रोजी आला. त्याआधी समीक्षकांना केवळ पीसीवरची प्रत मिळाली होती. भरभरून कौतुक करणारी परीक्षणे त्या प्रतीवर लिहिली गेली आणि जुन्या प्लेस्टेशन ४ व एक्सबॉक्स वनवर गेम विकत घेणाऱ्यांच्या पदरी मोडका गेम पडला. आठवडाभरातच प्लेस्टेशन बनवणाऱ्या सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला आणि जून २०२१ पर्यंत तो तिथे परतला नाही. म्हणूनच कोणत्या यंत्रावर आणि कोणत्या ग्राफिक्स सेटिंगवर खेळलो, हे वाक्य परीक्षणाच्या पहिल्या परिच्छेदात आले पाहिजे, असा माझा आग्रह असतो.

दुसरी चूक एका जातीच्या गेमची मोजपट्टी दुसऱ्या जातीला लावण्याची. ‘डार्क सोल्स’ खेळून आलेला माणूस ‘सेकिरो’तही लोळण घेऊन वार चुकवू पाहतो आणि हरला की गेम अन्यायकारक ठरवतो. ‘डिस्को एलिसियम’मध्ये लढाईची वेगळी व्यवस्थाच नाही, ही उणीव म्हणून नोंदवलेली मी वाचली आहे. तो गेम संवादांवर आणि फाशांवर उभा आहे, तेव्हा संवाद कंटाळवाणे वाटले असतील तर तसे लिहावे, बंदूक का नाही हे विचारू नये. एखादी जात आपल्याला मुळातच आवडत नसेल तर तो गेम दुसऱ्याकडे सोपवावा.

आता माझ्या मनाला सर्वांत जास्त लागणारी चूक. शितावरून भाताची परीक्षा स्वयंपाकघरात ठीक असते, कारण तिथे सगळी शिते एकाच आधणात शिजलेली असतात. गेमचे तसे नसते. एका होतकरू मुलाने मला ‘निअर ऑटोमाटा’चे परीक्षण तपासायला पाठवले होते. लेखन चांगले होते, पण कथा उथळ आहे आणि अनेक धागे लोंबकळत राहतात, असा निष्कर्ष होता. कुठपर्यंत खेळलास, असे विचारल्यावर उत्तर आले, “पूर्ण संपवला सर, श्रेयनामावली आली.” या गेमची पहिली श्रेयनामावली साधारण दहा-पंधरा तासांत येते, परंतु ती शेवट नव्हेच. त्यानंतर तीच कथा दुसऱ्या पात्राच्या नजरेतून दिसते आणि त्याही पुढे सगळे उलटेपालटे करणारा तिसरा भाग आहे. गेम अजून संपलेला नाही, असा संदेश खुद्द गेमच पहिल्या शेवटानंतर पडद्यावर दाखवतो. त्या मुलाने तो बटण दाबून पुढे ढकलला होता, कारण परीक्षण त्याच रात्री लोकांपुढे यायला हवे होते. मी लेख परत पाठवला. तीन आठवड्यांनी आलेले परीक्षण संपूर्ण वेगळे होते, आणि त्यातला लोंबकळणाऱ्या धाग्यांविषयीचा परिच्छेदच त्यातला सर्वोत्तम परिच्छेद झाला होता.

प्रत्येक गेम शेवटपर्यंत खेळता येतोच असे नाही, हे मला मान्य आहे. ‘सिव्हिलायझेशन ६’ या साम्राज्य उभारण्याच्या गेमचा एक डाव सर्वसाधारण गतीला ५०० फेऱ्यांपर्यंत लांबू शकतो. पण त्यातल्या पहिल्या शंभर फेऱ्या कोणालाही मोहवतात. खरी परीक्षा पुढे असते. नकाशा भरून जातो, हुकूम देण्याचेच काम उरते आणि संगणकाचे डावपेच किती कच्चे आहेत ते कळते. निदान दोन डाव शेवटाला नेल्याशिवाय अशा गेमवर मी लिहीत नाही. ज्यांना तेवढा वेळ नाही त्यांनी ‘मी इतके तास खेळलो आणि इथपर्यंत पोहोचलो’ असे आकड्यानिशी लिहावे आणि लेखाला ‘पहिली ओळख’ म्हणावे. दुसऱ्याचे संपूर्ण खेळाचे व्हिडिओ पाहून उरलेला भाग भरून काढणे ही मात्र वाचकाची सरळ फसवणूक आहे.

शब्दांच्या बाबतीत ‘कंट्रोल्स स्मूद आहेत’ आणि ‘गेमप्ले जबरदस्त आहे’ ही वाक्ये मी दिसताक्षणी खोडतो, कारण त्यांतून वाचकाला काहीच मिळत नाही. ‘सेलेस्ट’चे उदाहरण घ्या. कड्याच्या टोकावरून पाय निसटल्यानंतरही काही फ्रेमपर्यंत हा गेम उडीचे बटण मान्य करतो, त्यामुळे ‘मी तर वेळेवर दाबले होते’ अशी चिडचिड होत नाही. एवढे निरीक्षण लिहिले की ‘स्मूद’ हा शब्द लागतच नाही.

रहस्य फोडू नका, हे सांगायला नको, पण रहस्याच्या भीतीने गेमची रचनाच न सांगणे ही तितकीच चूक आहे. ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’मध्ये जहाजावरच्या ६० जणांचे काय झाले ते शोधायचे असते आणि उत्तरे सहसा तीन-तीनच्या गटानेच बरोबर ठरतात, म्हणून अंदाजपंचे ठोकून फार पुढे जाता येत नाही. एवढे सांगून कोणाचेही रहस्य फुटत नाही.

गुण देताना हात जपून चालवा. ‘फॉलआउट न्यू व्हेगस’ घडवणाऱ्या स्टुडिओला बोनससाठी मेटाक्रिटिक या परीक्षणांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या संकेतस्थळावर ८५ गुण हवे होते आणि ८४ मिळाले, ही घटना मी प्रत्येक नवोदिताला सांगतो.

आपलेपणाने गुण वाढवू नका. पुण्यात घडलेला ‘राजी’ २०२० मध्ये आला तेव्हा अनेकांचा ऊर अभिमानाने भरून आला आणि माझाही आला. छायाबाहुल्यांच्या शैलीतले कथाप्रसंग आणि गडकोटांचे रंग आजही डोळ्यांसमोर आहेत. पण शत्रूंचे प्रकार मोजकेच आहेत आणि कथा अचानक तुटते, हे तितक्याच स्पष्टपणे लिहायला हवे होते आणि मी ते लिहिले. घडवणाऱ्यांनी एवढे कष्ट घेतल्यावर त्यांना पाठीवर नुसती थाप देऊन भागत नाही, पुढच्या गेमसाठी उपयोगी पडेल असे काही सांगणे हे समीक्षकाकडून त्यांचे देणे आहे.

राहता राहिली तारीख. २०१६ चा ‘नो मॅन्स स्काय’ आणि आजचा ‘नो मॅन्स स्काय’ यांत नावाखेरीज फारच थोडे सारखे आहे, तेव्हा आपण खेळलेल्या आवृत्तीचा क्रमांक परीक्षणाखाली लिहून ठेवा आणि मोठा पॅच, म्हणजे गेममधली सुधारणा, आला की जुना मजकूर न पुसता त्याखाली तारखेसह नवे टिपण जोडा.