निंबोळी अर्क घरी कसा करायचा (आणि डाळीच्या डब्याचं पण सांगतो)

जून-जुलैत कडुलिंबाखाली पिवळ्या निंबोळ्यांचा सडा पडतो ना, तो तेव्हाच गोळा करायचा, नंतर चिखलात सडून जातात. पाण्यात चोळून गर काढा, बिया सावलीत वाळवा आणि गोणपाटात भरा. प्लॅस्टिकच्या पिशवीत अजिबात नको, मी एका वर्षी भरल्या आणि दिवाळीला तोंड सोडलं तर आत नुसती हिरवी बुरशी, सगळं उकिरड्यावर गेलं.

आपल्याला पिकावरच्या किडीवर फवारायला ५ टक्के अर्क करायचाय. १०० लिटरला ५ किलो बी हे प्रमाण, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला पाऊण किलो बास. बी घरीच कुटा (गिरणीवाला दळून देणार नाही, दिलं तर पुढच्या गिऱ्हाइकाची भाकरी कडू), फडक्यात सैल पुरचुंडी बांधून रात्री दोनेक लिटर पाण्यात भिजत टाका. दुसऱ्या दिवशी दुपारी पुरचुंडी पिळायची, परत बुडवायची, परत पिळायची, दुधासारखं पाणी निघतं ते पांढरं यायचं थांबेपर्यंत. मग ३० ग्रॅम साबणाचा चुरा गरम पाण्यात विरघळवून त्यात घाला, नाहीतर अर्क पानाला धरतच नाही. दुहेरी कपड्यातून गाळून पाणी १५ लिटर करा. गाळायचा कंटाळा केला की नोझल तुंबतं आणि मग ऐन फवारणीत काडी घालत बसा.

त्याच संध्याकाळी मारून संपवा, कारण यातलं अझाडिरॅक्टिन (किडीवर काम करणारं निंबोळीतलं मुख्य द्रव्य) उन्हात टिकत नाही. आणि फवारल्यावर लगेच मेलेली कीड शोधत फिरू नका राव, अळी आधी पान खायचं सोडते, मग तिला कात टाकता येत नाही, त्याला वेळ लागतो. मावा, तुडतुडे, पांढरी माशी, बारीक अळी यांना चालतं, बोटाएवढ्या अळीला काही फरक पडत नाही. आठ-दहा दिवसांनी परत मारा.

तंबाखूचा काढा कुणी सुचवला तर सरळ नाही म्हणा, निकोटीन कातडीतूनसुद्धा अंगात जातं.

आता डबा. मुगाच्या दाण्यावर पांढरे ठिपके दिसतात ती भुंग्याची अंडी, त्यातली अळी थेट दाण्यात शिरते. म्हणून आधी कडक ऊन द्या, दाताखाली कट्ट वाजला पाहिजे, मग गार झाल्यावर किलोला चमचाभर एरंडेल दाण्या-दाण्याला लागेल असं चोळा. शिजवताना कोमट पाण्यात धुतलं की झालं. गहू-तांदळात कडुलिंबाचा पाला टाकतात तो पार खडखडीत वाळलेला हवा, ओला टाकला तर उलटी बुरशी. वेखंड ठेवायचं तर पुरचुंडीत, पूड खायच्या धान्यात मिसळू नका. आणि पोरकिडे आधीच झाले असतील तर नुसता पाला टाकून काही होत नाही, आधी चाळा, ऊन द्या, डबा पुसून कोरडा करा, मग पाला.