स्वतःची मराठी वेबसाइट कशी उभारावी: आधी अक्षरं, मग सजावट

नागपुरात मी आजवर ज्या वेबसाइट उभ्या करून दिल्या, त्या सगळ्या लहान कामांच्या. इतवारीतलं मसाल्याचं दुकान, धरमपेठेतला गाण्याचा क्लास, महालातलं वाचनालय, काटोलकडची माझ्या मावसभावाची संत्रा कलमांची नर्सरी. प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: थीम (वेबसाइटच्या रूपाचा तयार साचा) कोणती घेऊ? यूट्यूबवरचे शिकवणारेही तिथूनच सुरुवात करतात. डेमो पाहा, आवडला की बटण दाबा, झाली वेबसाइट. तो डेमो इंग्रजी मजकुरावर बेतलेला असतो. त्यात मराठी ओतली की मात्रा कापल्या जातात, शिरोरेषा तुटतात, आणि माणूस नवी थीम शोधत बसतो. चार थीम बदलूनही दुखणं तेच राहतं, कारण ते थीममध्ये नसून अक्षरांच्या मांडणीत असतं.

म्हणून माझा क्रम उलटा आहे. सोपं काम भराभर सांगतो आणि जिथे मी स्वतः रात्री घालवल्या तिथे थांबतो.

नाव आणि जागा

फक्त लेख लिहायचे असतील, तर गूगलचं ब्लॉगर फुकट आहे आणि पुरेसं आहे. दुकान, संस्था, क्लास असेल तर वर्डप्रेस घ्या. २००३ पासून ते चालू आहे, मुक्त आहे, आणि उद्या होस्टिंग, म्हणजे वेबसाइट ठेवायची भाड्याची जागा, बदललं तरी सगळा मजकूर उचलून नेता येतो. वर्डप्रेस डॉट कॉम ही तयार सेवा आहे. वर्डप्रेस डॉट ऑर्गवरचं सॉफ्टवेअर आपण आपल्या जागेवर बसवतो. मी दुसऱ्याबद्दल बोलतो आहे.

डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या मोबाइल नंबरवर घ्या. वेबसाइट करून देणारा मुलगा 'काका, मी घेतो, तुम्ही पैसे द्या' म्हणाला तरी नाही म्हणा. तो पुण्याला नोकरीला गेला, नंबर बदलला, नूतनीकरणाची तारीख उलटली, की दुकानाचं नाव हातातून जातं. माझ्याकडे आलेली दोन माणसं हेच भोगून आली होती. पहिल्या वर्षाची किंमत पाहून भुलू नका, दुसऱ्या वर्षाची विचारा.

होस्टिंग घेताना सर्व्हर भारतात आहे का आणि रोजचा बॅकअप मिळतो का, एवढं पाहा. वेबसाइट आणि वाचक यांच्यातली देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या एसएसएल प्रमाणपत्रासाठी लहान वेबसाइटने वेगळे पैसे देऊ नयेत. लेट्स एनक्रिप्ट या सेवेचं प्रमाणपत्र फुकट असतं आणि चांगलं होस्टिंग ते मुदत संपण्याआधी आपोआप नवं करतं. वर्डप्रेस एका बटणात बसतं. युजरनेम 'ॲडमिन' ठेवू नका.

लिहिण्याआधीच्या दोन सेटिंग्ज

सेटिंग्जमध्ये जनरल उघडा आणि साइटची भाषा मराठी करा. याने नुसती बटणं मराठी होत नाहीत. प्रत्येक पानावर 'हा मजकूर मराठी आहे' अशी खूण लागते. ब्राउझर, शोधयंत्र आणि अंध वाचकांना पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर ती खूण पाहतं. फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले असतील, तर ब्राउझर तेही या खुणेवरूनच निवडतो. पॅनेल इंग्रजीत हवं असेल तर ते तुमच्या प्रोफाइलमध्ये वेगळं ठेवता येतं.

मग पर्मालिंक, म्हणजे लेखाच्या पत्त्याची रीत, 'पोस्ट नेम'वर ठेवा, आणि प्रत्येक लेखाचा पत्ता रोमन अक्षरांत स्वतः टाइप करा. कारण साधं आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह पत्त्यात जाताना नऊ रोमन चिन्हांचं होतं, आणि वर्डप्रेस पत्त्याच्या या भागाला २०० चिन्हांचीच जागा देतं. म्हणजे काना, मात्रा, हलन्त धरून जेमतेम बावीस चिन्हं. 'संत्र्याच्या कलमांची निवड कशी करावी' या शीर्षकाचा पत्ता 'निव'पाशी तुटतो. वर तो व्हॉट्सॲपवर पाठवला की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ दिसते आणि लोक ती फसवी लिंक समजून उघडतच नाहीत. लेख प्रसिद्ध झाल्यावर पत्ता बदलला तर आधी पाठवलेल्या लिंक मोडू शकतात, म्हणून हे पहिल्या दिवशीच करा.

मजकूर: इथे घाई करू नका

आता खरं काम. तुमच्याकडे मजकूर आधीपासून असतो: संस्थेची स्मरणिका, दुकानाचं माहितीपत्रक, क्लासची पुस्तिका. तो सीताबर्डीवरच्या एखाद्या डीटीपीवाल्याने कधीतरी टाइप केलेला असतो, आणि बहुतेक वेळा कृतिदेव किंवा शिवाजीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये. या फॉन्टमधली मराठी फक्त दिसायला मराठी असते. संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरंच असतात. त्यांच्यावर देवनागरीची चित्रं चढवलेली असतात. फॉन्ट काढला की मराठी गेली.

मावसभावाच्या नर्सरीची पुस्तिका चाळीस पानांची होती. जंबेरी आणि रंगपूर लाइमच्या खुंटांची माहिती, आंबिया आणि मृग बहाराची कामं, खतांचे तक्ते. मी ती सगळी वेबसाइटवर चिकटवली. माझ्या संगणकावर तो फॉन्ट होता आणि मी तोच लावला होता, म्हणून मला सगळं सुरेख दिसत होतं. दुसऱ्या दिवशी दादाचा फोन आला: "अरे, काय लिहून ठेवलं हे इंग्रजीत? गिऱ्हाइकाले काहीच समजून नाही राहिलं!" त्याच्या मोबाइलवर इंग्रजी अक्षरांचा काला दिसत होता.

तेव्हा एकाने सल्ला दिला की फॉन्टची फाइलच वेबसाइटवर चढव, सगळ्यांना नीट दिसेल. मी ते केलं आणि दिसायलाही लागलं. हा सल्ला आजही दिला जातो आणि तो वाईट आहे. दोन महिने झाले तरी 'संत्रा कलम' शोधणाऱ्या एकालाही ती पानं सापडली नाहीत, कारण त्या पानांवर 'संत्रा' हा शब्दच नव्हता. कुणी भाव कॉपी करून मित्राला पाठवले तर पुन्हा तोच काला. शेवटी सगळं उतरवून युनिकोडमध्ये, म्हणजे जिथे संगणकाच्या लेखीही मराठी अक्षर मराठीच असतं अशा पद्धतीत, नव्याने आणावं लागलं. त्या हंगामात विचारणा करणारी कितीतरी माणसं आमच्यापर्यंत पोचलीच नसतील, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून पहिली परीक्षा ही घ्या. मजकुरातली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. मराठी दिसली तर युनिकोड आहे, पुढे चला. इंग्रजी काला दिसला तर त्याचं रूपांतर करावं लागेल.

रूपांतर करणारी फुकट साधनं पुष्कळ आहेत. त्यांतून निघालेला मजकूर न वाचता चढवणं हा मराठी वेबसाइटवरचा सर्वांत मोठा गुन्हा, असं माझं मत आहे. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर. साधनाला ते उचलून योग्य जागी न्यावे लागतात, आणि दोन्ही एकत्र आले की त्याचा गोंधळ होतो. त्यामुळे 'आर्थिक', 'वार्षिक', 'मार्मिक' हे शब्द मुद्दाम शोधून तपासा. दुसरी जागा आपली खास. बरीच साधनं हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेली असतात आणि हिंदीला चंद्रकोरीसारखा अर्धा र लागत नाही. मग 'शेतकऱ्यांना'चं 'शेतकर्यांना' होतं, आणि 'वऱ्हाड'चं 'वर्हाड'. विदर्भातल्या माणसाच्या वेबसाइटवर वऱ्हाड चुकलेलं मी चालवून घेत नाही.

या अर्ध्या र मध्ये आणखी एक मेख आहे. तो युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिला जातो: एक नुक्त्याच्या, म्हणजे खाली टिंब असलेल्या, ऱ ला हलन्त जोडून, दुसरी साध्या र आणि हलन्तापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्याला दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. एका पानावर एक आणि दुसऱ्यावर दुसरा असेल, तर तुमच्याच वेबसाइटच्या शोधचौकटीत 'शेतकऱ्यांसाठी' टाकल्यावर निम्मी पानं गायब राहतील. एकच रीत धरा. मी नुक्त्याच्या ऱ ची धरतो. 'शोधा आणि बदला' वापरून सगळीकडे ती करून घ्या.

मजकूर दहा पानांपेक्षा कमी असेल तर रूपांतराच्या भानगडीत पडूच नका. गूगल डॉक्समध्ये मराठी बोलून टाइप करा, नाहीतर छापील पानाचा फोटो गूगल ड्राइव्हमध्ये टाकून तो डॉक्समध्ये उघडा, अक्षरं ओळखून येतात. ओळन् ओळ तपासावी लागते, पण वेळ कमी जातो.

आणि वर्डप्रेसमध्ये चिकटवताना कंट्रोल, शिफ्ट, व्ही या तीन कळा एकदम दाबा, म्हणजे नुसता मजकूर येईल. साध्या चिकटवण्याने वर्डमधली सजावट कधी कधी सोबत येते आणि मग एखादा परिच्छेद भलत्याच आकारात उभा राहतो.

थीमला मराठी शिकवणं

आता थीम. वर्डप्रेससोबत येणारी साधी ब्लॉक थीम घ्या, म्हणजे जिचं सगळं रूप एडिटरमधूनच बदलता येतं अशी. विकतची नको, निदान पहिल्या वर्षी नको. डेमोमधल्या ज्या फॉन्टवर तुमचं मन जातं, त्यात बहुधा देवनागरी नसतेच. मग प्रत्येक फोन स्वतःजवळचा फॉन्ट लावतो, आणि वेबसाइट दादाच्या फोनवर एक दिसते, वहिनीच्या फोनवर दुसरी.

एडिटर उघडा, स्टाइल्समध्ये टायपोग्राफीत जा. वर्डप्रेस ६.५ पासून, म्हणजे एप्रिल २०२४ पासून, ब्लॉक थीममध्ये गूगलचे फॉन्ट इथूनच स्वतःच्या सर्व्हरवर उतरवता येतात. मुक्ता, हिंद आणि नोटो सान्स देवनागरी हे विश्वासाचे. लांब लेखांसाठी तिरो देवनागरी मराठी फार देखणा आहे. एकच घ्या, आणि त्याची साधी व ठळक अशी दोनच वजनं उतरवा. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टच्या फाइली जड असतात आणि प्रत्येक वजन ही बहुधा वेगळी फाइल असते. गावाकडच्या कमकुवत नेटवर्कवर प्रत्येक फाइल जाणवते. तिरोला खरं ठळक वजन नाही. तो घेतला तर शीर्षकांना मुक्ता द्या, नाहीतर ब्राउझर अक्षरं फुगवून खोटं ठळक करतो आणि त्यातली भोकं बुजतात.

पुढच्या तीन गोष्टी मजकूर, शीर्षकं आणि बटणं या तिन्हींसाठी वेगवेगळ्या तपासा. अक्षरांमधलं अंतर शून्य करा. थीम करणारे इंग्रजी शीर्षक ऐटदार दिसावं म्हणून ते वाढवतात किंवा घटवतात. मराठीत त्याने शिरोरेषा तुटते आणि शब्द विखुरतो. ओळींची उंची मजकुराला १.७ आणि शीर्षकाला १.४ ठेवा. इंग्रजी थीममध्ये शीर्षकाची उंची पुष्कळदा १.२ च्या आसपास असते, त्यात वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो. तिसरं, तिरकी अक्षरं बंद. देवनागरीत तिरक्या छपाईची परंपरा नाही, ब्राउझर अक्षरं नुसती वाकडी करतो. जोर द्यायचा असेल तर ठळक करा.

मग ही ओळ शीर्षक म्हणून टाका आणि मोबाइलवर पाहा: 'वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांची दूरदृष्टी, कौटुंबिक कर्जं आणि सर्वांगीण मूल्य'. रफारावरचा अनुस्वार सुटा दिसतो का, ष्टीच्या तळाला धक्का लागतो का, ऱ्या नीट जुळतो का. ही ओळ सरळ उतरली की थीम मराठीला तयार आहे. मी सर्वांत स्वस्त फोन मागून घेऊन त्यावर तपासतो, कारण गिऱ्हाइकाच्या हातात तोच असतो.

उरलेलं

पानं चारच करा: आम्ही कोण, काय मिळतं, भाव, पत्ता. सरकत्या चित्रांचा स्लाइडर लावू नका. फोटो चढवण्याआधी रुंदी १६०० पिक्सेलवर आणा. फोटोखालच्या वर्णनाच्या चौकटीत 'फोटो १' न लिहिता 'जंबेरी खुंटावरचं एक वर्षाचं कलम' असं लिहा. भाव आणि फोन नंबर चित्रात घालू नका, मजकुरात टाइप करा, म्हणजे नंबरवर बोट ठेवलं की फोन लावता येईल. प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायची जादा साधनं, पाचाच्या वर गेले तर प्रत्येकाला विचारा की तू नसशील तर काय अडेल.

वेबसाइट खुली करताना सेटिंग्जमध्ये रीडिंग उघडून 'शोधयंत्रांनी येऊ नये' ही खूण काढलेली आहे का ते पाहा. बांधकाम चालू असताना ती लावतात आणि मग विसरतात. त्यानंतर एक पूर्ण बॅकअप स्वतःच्या संगणकावर उतरवून घ्या, आणि डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख घरातल्या भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहून ठेवा.