नळ टपकत होता, घरीच दुरुस्त केला

बेसिनचा जुना पितळी नळ कितीही आवळला तरी टपकायचा. आवळून उपयोग नसतोच, आतला रबरी वायसर झिजलेला असतो. बेसिनखालचा अँगल कॉक, म्हणजे नळाचा पाणीपुरवठा तोडणारी छोटी तोटी, बंद केला, मूठ काढली, पान्याने स्पिंडल, म्हणजे मुठीबरोबर फिरणारा दांडा, सोडवला. त्याच्या टोकाचा वायसर पार चपटा झालेला. स्पिंडलच खिशात टाकून हार्डवेअरच्या दुकानांची बोहरी आळी गाठली, कारण आटे आणि लांबी नमुन्याशिवाय जुळत नाहीत. दुकानदार म्हणाला, "काका, स्पिंडल चांगलाय, नुसता वायसर घ्या." गिऱ्हाइकाचा खर्च वाचवणारा दुकानदार, तोही पुण्यात! बसवण्याआधी नळाच्या आतली बैठक, म्हणजे वायसर टेकतो ती कड, चाचपली. क्षाराचा थर होता, तो व्हिनेगरने घासून काढला. तो तसाच राहिला असता तर नवा वायसरही गळलाच असता. आता मूठ हलकेच फिरवली तरी धार बंद होते.